उजवा पाय आणि सहा कोरचा प्रोसेसर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, काम रबरी शिक्के आणि दारावरच्या पाट्या बनवण्याचे, आज रविवारी दुपारी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मनाने, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते लिहून ठेवत आहे. याआधी असा कागद केलेला नाही.

मंगळवारी माझ्या कानामागच्या गाठीची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "रोजचंच काम आहे, घाबरू नका." परंतु ज्या कागदावर त्यांनी माझी सही घेतली त्यात "जिवाला धोका" हे शब्द होते, आणि मी वाचल्याशिवाय सही करत नाही. त्याच कागदावर "शस्त्रक्रिया" हा शब्द एके ठिकाणी चुकला होता. मी बोललो नाही. भीती आहेच, पण तिच्यापेक्षा थकवा जास्त आहे.

कलम एक. घर वडिलांचे आहे, त्यामुळे मला देण्यासारखे त्यात काही नाही. माझी खाट आणि कपाट ताईच्या मुलांना द्यावे. कपाटाचे खालचे दार वर उचलून मग ओढावे लागते. ओढून मग उचलले तर ते पायावर येते.

कलम दोन. बँकेत जे असेल ते वडिलांच्या औषधपाण्यासाठी. व्यवहार ताईने पाहावा. भावोजींनी मदत करावी, पण सल्ला देऊ नये.

कलम तीन. माझे भिंग, दोन चिमटे आणि कोरण्याची सुरी दुकानातल्या माझ्या जोडीदाराला द्यावी. मालकांना काही देऊ नये. एका शाळेच्या शिक्क्यासाठी त्यांनी "मुख्याध्यापीका" असे लिहून दिले होते. मी "पि" ऱ्हस्व केली. बाईंनी शिक्का परत आणला, कारण शाळेच्या पाटीवर वीस वर्षे दीर्घच होती. मालक चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "नववी नापास, आणि निघालाय शाळा सुधारायला!" मी नापास झालो नव्हतो. आई आजारी होती म्हणून शाळा सोडली. हे कुठेतरी लिहून ठेवायचे होते, ते झाले.

कलम चार. वडिलांचा संगणक. हे कलम लांब आहे, कारण हा कागद मुख्यतः यासाठीच केला आहे.

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षे मालट्रक चालवला. कोणाला साधा ओरखडाही काढला नाही. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची डावी बाजू गेली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "उजव्या पायाला काम द्या, नाहीतर तोही आळसावेल." मी दुकानातून मोडीत निघालेला संगणक आणला, वापरलेले स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल जोडले आणि ट्रक चालवायचा गेम घालून दिला. तेव्हापासून अगदी दोन महिन्यांपूर्वीपर्यंत वडील रोज सकाळी दाढी करून गाडीवर बसत. एका हाताने स्टिअरिंग वळवत आणि पडद्यावरच्या मोटारींना शिव्या घालत. "अरे, सिग्नल काय तुझ्या काकाने द्यायचा?"

गेमबरोबर त्यांना एका बाजूला गाणी लागतात आणि दुसऱ्या बाजूला व्हिडिओ कॉलवर ताई लागते. ताई तिच्या घरी भाजी निवडत असे. वडील म्हणत, "क्लीनर शेजारी बडबडत नसला की डोळा लागतो." ताई म्हणे, "एवढी शिकले ती तुमची क्लीनर व्हायला!" पण कॉल चुकवत नसे.

एवढा सगळा भार त्या दोन कोरच्या, म्हणजे एका वेळी दोनच कामे ओढणाऱ्या, जुन्या प्रोसेसरला झेपत नाही. नवा घ्यायचा हे अकरा महिन्यांपूर्वी ठरले. कोणता, हे मला ठरवता आले नाही. शंभर पानी वही भरली. एक निवडला की दुसऱ्या दिवशी त्याच पैशात थोडा वेगवान दिसे. तो निवडला की तो जास्त तापतो असे कोणीतरी लिहिलेले असे. माझ्या धंद्यात एकदा कापलेले रबर परत जोडता येत नाही, म्हणून सुरी टेकवण्याआधी दहा वेळा पाहायची सवय लागली आहे. संगणकाच्या दुकानदाराने मला "परीक्षक" नाव ठेवले. मी दिसलो की म्हणे, "या परीक्षक, आज कोणाला नापास करायचं?" ताई म्हणाली, "बायको निवडायलासुद्धा माणूस एवढा वेळ घेत नाही रे." भावोजी म्हणाले, "सोळा कोरचा घे, भारीतला. विषय संपला."

भावोजी, विषय तिथे संपत नाही. गेमचा मुख्य भार एक-दोन कोरवरच पडतो, त्यामुळे ते कोर चपळ असणे महत्त्वाचे. सोळातले दहा नुसते बसून राहतील. उरलेल्या कोरना गाणी आणि ताई एवढेच सांभाळायचे आहे. तेवढ्याला सहा कोर पुरतात.

तर मी निवड करत आहे. सहा कोरचा, मधल्या किमतीचा, ज्याच्या डब्यातच पंखा मिळतो तो घ्यावा. वाचलेल्या पैशातून मेमरी वाढवावी. बोर्ड त्याच्या सॉकेटला, म्हणजे बसायच्या खाचेला, जुळणाराच घ्यावा, दुसऱ्यात तो बसत नाही. पूर्ण नाव वहीच्या शेवटच्या पानावर चौकटीत लिहिले आहे. ते अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे. या नावांत शेवटचे एक अक्षर बदलले तरी वस्तू बदलते, आणि दुकानदार "तोच आहे हो" म्हणून गळ्यात मारतात. त्याच्याहून चांगला कुठेतरी असेलच. मी शोधून दमलो आहे.

कलम पाच. हे वडिलांनी माझ्यामागे वाचावे.

बाबा, दोन महिन्यांपूर्वी तुमची गाडी टोलनाक्यावर तीनदा धडकली. तुम्ही गेम बंद केला. संध्याकाळी शेजारचे कंपाउंडरकाका आले, तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "मी ब्रेक मारतो आणि पाय नंतर पोचतो. आता उजवाही चालला. पोराला बोलू नकोस." मी स्वयंपाकघरात होतो, मला ऐकू आले. त्यानंतर तुम्ही गॅलरीपर्यंत चालणेही सोडलेत आणि ताईला चाकाच्या खुर्चीबद्दल विचारलेत.

मी तुम्हाला "एकदाच खेळा, मला काहीतरी बघायचंय" म्हणून बसवले आणि तुमचा पाय व पडदा दोन्ही फोनमध्ये टिपले. ते सावकाश लावून पाहिले. ताईचा कॉल बंद असताना पेडल दाबले जाते त्याच क्षणी गाडीचा मागचा लाल दिवा लागतो. कॉल चालू असताना पेडल दाबले जाते, चित्र गोठते आणि दिवा अर्ध्या सेकंदाने लागतो. मी वीस वेळा पाहिले. वीसही वेळा तसेच. पाय वेळेवर जातो, बाबा. प्रोसेसर मागे राहतो.

हे कळून तीन आठवडे झाले. मी सांगितले नाही. सांगितले असते तर तुम्ही विचारले असते, "मग नवा का नाही आणलास?" त्याला उत्तर नव्हते. वाटले, नवा बसवला की सगळे आपोआप ठीक होईल, काही बोलावे लागणार नाही. आणि नवा मला निवडता येत नव्हता. तुम्ही पाय गेला असे समजून खाटेवर पडून राहिलात आणि मी वहीत आकडे लिहीत राहिलो. याची माफी मागतो.

पुरवणी. सोमवार, सकाळ.

ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष देऊ नये असे ऐकले होते, म्हणून कंपाउंडरकाकांना आणि संगणकाच्या दुकानदाराला बोलावले. काकांनी न वाचताच सहीसाठी पेन उघडले. दुकानदार म्हणाला, "परीक्षकाचा पेपर आहे, वाचून बघतो." साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे मी सांगितले, तरी त्याने वाचला. कलम पाचला त्याचे हसू गेले.

"हे तू मेल्यावर त्यांनी वाचायचं?"

"हो."

"आणि मेला नाहीस तर?"

गाठ बरी होऊन मी घरी येईन, कागद कपाटात राहील आणि वडील चाकाच्या खुर्चीत बसतील, हा विचार मी केलाच नव्हता.

मी आतल्या खोलीत गेलो आणि उभ्यानेच सगळे सांगून टाकले. वडील छताकडे पाहत होते. म्हणाले, "फोन आण." त्यांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. पाचव्यांदा बोट ठेवून मध्येच थांबवला.

"म्हणजे ब्रेक मी वेळेवर मारत होतो."

"हो, बाबा."

"अकरा महिने, गाढवा?"

"हो."

त्यांनी फोन उशाशी ठेवला. मग म्हणाले, "उद्या दवाखान्यात तुझ्याबरोबर कोण आहे?"

"ताई थेट तिथेच येणार आहे. मी रिक्षाने जाईन."

"मी येतो."

"बाबा, एकोणीस पायऱ्या उतरायच्या आहेत."

"मग? उजवा पाय आहे ना."

तरी पुढीलप्रमाणे बदल करतो. कलम चार माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. चौकटीतला प्रोसेसर दुकानदाराने बुधवारी घरी येऊन बसवावा, मी असो वा नसो. कलम पाच अमलात आले आहे. ते खोडत नाही, कारण खाडाखोड दिसली की वाचणाऱ्याला शंका येते. बाकी कलमे कायम.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोनदा वाचला, आणि त्यात चूक सापडली नाही.

(सही) लिहून ठेवणार

(सही) साक्षीदार पहिले: शेजारचे कंपाउंडरकाका

(सही) साक्षीदार दुसरे: संगणकाचा दुकानदार

स्थळ: राहते घर, पहिला मजला, पुढची खोली
दिनांक: चौदा, सोमवार, सकाळी साडेदहा. सह्या होत असताना वडील दारात उभे होते.