चार तोंडांचं नाणं

नाही दादा, नशीब नव्हतं ते. सात वर्षं मी त्याला नशीबच म्हणत आलो. आता नाही म्हणणार.

तर मी, विबियस साफिनियस, मूळ गाव कालेस, सध्या डॅन्यूबकाठच्या छावणीत शिपाई, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे माझ्या हाताने लिहितो. अक्षर वाईट आहे. शिपायाचं मृत्युपत्र कसंही लिहिलं तरी चालतं, असं आमचा नायक सांगतो. उद्या नदीपलीकडे जायचं आहे, म्हणून आजच.

ऑलिव्हच्या बागेतला माझा अर्धा वाटा आईला. बाबांचा छाटणीचा कोयताही तिलाच. दादाने तो परस्पर विकला असेल तर स्वतःच्या पैशाने परत आणावा.

आई, तू पाठवलेला लोकरीचा झगा माझ्यासोबतच जाळायला सांगितला आहे. त्याच्या काठात तू दादाच्या पेटीतलं नाणं शिवलंस, त्याला लाभलं ते मलाही लाभेल म्हणून. तुला बिचारीला काय ठाऊक. तो काठ उसवून मी ते काढून घेतलं आहे.

भरतीच्या वर्षी आमच्या घरातून एकाने जायचं होतं. दादाने हेच नाणं उडवलं. म्हणाला, "बोल विबी, डोकं की जहाज?" मी जहाजच म्हणणार हे त्याला पाठ होतं. लहानपणापासून मला समुद्र बघायचा होता. डोकं पडलं. नाणं मुठीत मिटून त्याने मला मिठी मारली, देवाच्या मनात होतं म्हणाला, रडला. मी त्याचे डोळे पुसले. माझं फाडियाशी ठरलं होतं. त्याच हिवाळ्यात त्याने तिच्याशी लग्न केलं.

नाण्याच्या एका बाजूला दोन तोंडांचा यानुसदेव, वर उठलेला. उलटं केलं की जिथे जहाज असायला हवं तिथेही तोच देव, आत खचलेला. माझ्या तंबूतला टर्पिलियस पूर्वी टाकसाळीत घण मारायचा. तो पोट धरून हसला. "वरच्या ठशाला आधीचं नाणं चिकटलं, ते न काढताच घाव घातला गाढवांनी. तुझं जहाज पाडायचंच राहिलं की रे." मग माझ्याकडे बघून त्याने नाणं माझ्या हातात परत ठेवलं.

फाडियाला काही ठेवत नाही. राग नाही. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

छावणीच्या तिजोरीतली माझी सगळी शिल्लक अशी द्यावी: दादाने कालेसच्या चौकात, आई आणि फाडियासमोर, हेच नाणं उडवावं. जहाज पडलं तर सगळं त्याचं. डोकं पडलं तर आईचं. पडलेलं नाणं मात्र त्याने मुठीत घेऊ नये. आईने उचलावं आणि उलटून बघावं.

साक्षीला: लुसियस टर्पिलियस. नायक ओविनियस, त्याने अंगठीची मोहोर उठवली.
लिहिणार: विबियस.
डॅन्यूबकाठची छावणी. एप्रिल, तांबेऱ्याच्या देवाचा सण.

दादासाठी सोबत पाठवतो: काशाचं नाणं, एक.