गल्लीत आलेला माझ्या मुलाचा जिना पाडण्याबाबत

प्रति,
मा. अतिक्रमण अधिकारी साहेब,
नगर कार्यालय, तळमजला.

विषय : दोरवाल्यांच्या गल्लीतील माझ्या मुलाचा जिना नियमाप्रमाणे मुळापासून काढणे.
संदर्भ : गल्ली मोकळी करण्याची आपली नोटीस, जी आमच्या दारावर डकवली आहे.
सोबत : जावेच्या डोळ्याचा दवाखान्यातला दाखला.

महोदय,

माझ्या मुलाची वागणूक बरी नाही, अशी माझी तक्रार आहे. आईने मुलाविरुद्ध अर्ज करावा हे आपणास विचित्र वाटेल. पण तो सख्ख्या काकूविरुद्ध अर्ज करतो, तेव्हा आमच्या घरात हे चालते असे मी समजते. माझे शिक्षण दुसरीपर्यंत झाले आहे. अक्षर वाकडे आहे, म्हणणे सरळ आहे.

१. आमच्या गल्लीत सगळी घरे काथ्याचा दोर वळणाऱ्यांची. दोराला लांबी लागते आणि तेवढी लांबी कुणाच्या घरात नसते. म्हणून गल्लीच्या दोन टोकांना खुंटे ठोकून ज्याची पाळी त्याने दोर ताणायचा, ही रीत माझ्या सासऱ्यांच्याही आधीची. कोणी आले की "दोर" अशी हाक मारायची. वळणारा ढील देतो, माणूस ओलांडून जातो. अंथरुणाला खिळलेले म्हातारे खाटेसकट गेले, कोणाचे अडले नाही. याला कागद नाही, हे मान्य.

२. मुलाने गाडी घेतली. चाकाखाली दोर फुटतो, म्हणून माझी जाऊ त्याला थांबायला सांगायची. दीर गेल्यापासून तिचे पोट त्या दोरावर आहे. याला थांबणे जमेना. त्याने "सार्वजनिक रस्त्यावर अनधिकृत व्यवसाय" असा अर्ज आपल्याकडे दिला. लपवले मात्र नाही. जेवताना म्हणाला, "आई, सगळं कायद्यानं झालं पाहिजे." मी भाजी वाढत होते, ती वाढली.

३. आपली माणसे आली तेव्हा जावेचा दोर खुंट्यावर होता, पीळ पुरता भरलेला. असा दोर मधून कापत नाहीत. आधी टोक सोडतात, पीळ उतरू देतात. आमच्या गल्लीत रांगणाऱ्या पोरालाही हे ठाऊक. "थांबा, उलटेल, सोडते," असे म्हणत जाऊ टोकाकडे धावली. आपल्या माणसाने सुरी काढली आणि अर्जदार म्हणून माझ्या मुलाला विचारले, "खरं सांगतेय, की वेळ काढतेय?" मुलगा काही बोलला नाही. मी दुसऱ्या टोकाला होते. माझी हाक पोचेपर्यंत सुरी चालली होती. दोर उलटला तो जावेच्या तोंडावर. उजवा डोळा गेला. आपल्या माणसाला मी दोष देत नाही, त्याने निदान विचारले.

४. आता गल्ली मोकळी आहे. इतकी मोकळी की कुत्रे मधोमध झोपते. सगळ्या घरांचे काम बंद. परवा मुलगा कागद घेऊन आला. "आपलं घर सगळ्यात जुनं, दोर ताणायला आपल्यापुरती सूट मिळेल. इथे सही कर." मी म्हटले, "आधी काकूला वाचू दे. एका डोळ्यानं तिला जरा वेळ लागेल." तो कागद तसाच घेऊन परत गेला.

५. तरी विनंती अशी की आमच्या घराला सूट देऊ नये. उलट नियम पुरता लावावा. वरच्या खोलीचा जिना त्याने गल्लीत काढला आहे. खुंटा निघाला आणि जिना राहिला, हे आपल्या माणसांच्या ध्यानात आले नसावे, कारण चहा त्यांनी त्याच जिन्याच्या सावलीत घेतला. वर जायला दुसरी वाट नाही, हे मी जाणते. सुनेचे दिवस भरत आले आहेत. ती आणि येणारे नातवंड माझ्या खोलीत राहतील, तिने गाठोडी खाली आणलीदेखील. खोली लहान आहे. तीत मुलाला जागा होणार नाही.

६. वरचा सज्जा त्या जिन्यावर टेकलेला आहे. गवंड्याच्या डोक्यावर उभी राहून मीच ते काम करून घेतले होते. जिना कोणत्या बाजूने सोडवला तर सज्जा वाचतो, हे गवंड्यानंतर मलाच माहीत, आणि गवंडी आता हयात नाही. आपली माणसे लेकुरवाळी आहेत, त्यांना मी वेळेवर लांब उभे करीन. सज्जा वाचवण्याची युक्ती मात्र मला विचारू नये.

मागून केले असे व्हायला नको, म्हणून हा अर्ज मी मुलाला वाचून दाखवला आहे. तो म्हणाला, "अगं, राग आहे तर चार शिव्या दे. घर कशाला पाडतेस?" त्याला जिन्यापाशी, सगळ्या गल्लीदेखत, मी जे सांगितले तेच लिहून थांबते :

"शिव्या द्यायला तू माझा कोणीतरी लागायला हवास. त्या दिवशी तुला माहीत होतं आणि तू गप्प उभा राहिलास. जिना निघेल तेव्हा मला माहीत असेल. वरचं सामान आजच उतरव. कुठं उभं राहावं, हे तेव्हा मला विचारू नकोस."

आपल्या हुकमाची वाट बघणारी,
दोरवाल्यांच्या गल्लीतली थोरली
(सही आहे, अंगठा नाही)

दिनांक : अर्ज आपल्या हाती पडेल तो.