कडी बाहेरून लागली त्या दिवसानंतर

मी, बनूबाई कोंडाजी भोईर, वय सुमारे अडुसष्ट, राहणार चिखलोली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. उजवे अंग दोन वर्षे लुळे आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणाचे दडपण नाही. पण भीती आहे, ती लपवीत नाही.

मुलगा दौलत अंबरनाथला कारखान्यात दुहेरी पाळी करतो. मला उठवणे, भरवणे, धुणे-पुसणे एकटी सून अंजनी करते. गेल्या चैत्रात एके सकाळी तिने बाहेरून कडी लावली, ती दिवेलागणीला काढली. मी खाटेवरून पडले होते. अंगाला मुंग्या लागल्या होत्या. ती उंबऱ्यातच बसली.

"आत्याबाई, रुळांपर्यंत गेले होते. जीव द्यायचा धीर झाला नाही. परत येताना वाटलं, तुम्ही गेला असाल तर मी सुटेन."

मग तिनेच मला उचलले, आंघोळ घातली. तेव्हापासून ती उशी सारखी करायला वाकली, तरी माझा श्वास अडकतो. दौलतला सांगितले नाही. तो तिला मारील. मग मला पाणी कोण देईल?

१. राहते घर दौलत व अंजनी यांस निम्मेनिम. शेजारची विधवा मोतीबाई म्हणाली, "तिच्या नावावर केलंस तर ती तुला पावसाळा बघू देणार नाही." मलाही तेच भय आहे. तरी तिचा हक्क आहे.

२. पडवी मोतीबाईस हयातभर राहण्यास, आजपासूनच. तिने आठवड्यातून दोन दिवस माझ्यापाशी बसावे. त्या दिवशी अंजनीने वाटेल तिथे जावे. कुठे होतीस, असे कोणी विचारू नये.

३. मुलगी गोदू बदलापुराहून सणाला येते, अंजनीला बोल लावते आणि चारच्या गाडीने परत जाते. माझ्या पाटल्या, तिने महिन्यातून आठ दिवस मला नेले तरच तिच्या, नाहीतर अंजनीच्या.

४. दौलतने सुटीच्या दिवशी मला स्वतः उठवावे. लाज वाटते म्हणतो. लाज मलाही वाटते.

हे वाचून दाखवले तेव्हा अंजनी चुलीपाशी होती. चैत्रातले खोडून टाकू का, असे मी तिला विचारले. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले.

"राहू द्या," ती म्हणाली. "ह्यांना वाचू द्या."

म्हणून खोडलेले नाही.

बनूबाई कोंडाजी भोईर, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: भगवंत नवसू म्हात्रे, सही
जनू वाळू पाटील, अंगठा
मुक्काम चिखलोली, १२ मे १९५६