डब्यातल्या जिवांवर शाल

नंदुरबार,
भाद्रपद शुद्ध द्वितीया

प्रिय जगदीश,

सप्रेम जय जिनेंद्र. तुझा गुडघा कसा आहे? मोटरसायकल सुरू होते की अजून उतारावरूनच ढकलतोस? वहिनींना नमस्कार आणि शेरडांना आशीर्वाद (मागच्या खेपेला त्यांतल्या एकीने माझ्या पिशवीचा बंद खाल्ला, ते मी मनात ठेवलेलं नाही). आमच्याकडे पर्युषण चालू आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आई एकासणं करते, म्हणजे दिवसातून एकदाच जेवते, त्यामुळे मला चिवडासुद्धा दुकानात जाऊन चोरून खावा लागतो. बाकी सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

मणिबेलीकडच्या पाड्यावरून तू फुलीबाईच्या पोरीच्या, रिनाच्या, रक्ताची नळी आणलीस. बोटीत मांडीवर, जीपमध्ये छातीशी, अशी बर्फाच्या डब्यातून जपत आणून आमच्या आयुषीच्या हाती दिलीस. फुलीबाईने तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा, ‘काय सापडलं ते मला येऊन सांगायचं’ या अटीवर हो म्हटलं, हेही तूच सांगितलंस. आता माझी लेक पुण्यात नेमकं काय करते ते मला परवा कळलं. पूर्वी म्हणे सगळ्या पेशी एकत्र घोटून सरासरी काढायचे. आता एकेक पेशी तेलातल्या वेगळ्या थेंबात बसवतात आणि प्रत्येकीला विचारतात, बाई, तुझं काय चाललंय? मी धान्याचा माणूस, मूठभर दाणे बघून पोत्याचा भाव सांगणारा. दाण्यादाण्याची विचारपूस करत बसलो असतो तर दुकानाला केव्हाच कुलूप लागलं असतं. पण सिकलसेल हा रक्ताचा आजार दोघींना असून एक पोर कळवळते आणि दुसरी खेळते, ते का, हे अशानेच कळेल म्हणतात. हे काम करणाऱ्यांचं एक मंडळ आहे. दर चार महिन्यांनी जमतं आणि कोणाला कोणती नवी युक्ती साधली ते एकमेकांना सांगतं. जिथे आजार तिथे बैठक, असा हट्ट धरून आयुषीने यंदा त्यांना नंदुरबारला आणलं, आणि रिनाची नळी तिथे सगळ्यांसमोर तपासायची होती.

तो डबा रात्रभर आमच्या फ्रिजमध्ये होता. सकाळी आयुषी हॉल बघायला गेली आणि जाताना आजीला प्रेमाने समजावून गेली की यात हजारो जीव आहेत, प्रत्येक वेगळा, प्रत्येक जिवंत, आणि त्यांना थंडीतच ठेवायचं. (पर्युषणात जैन घरात हे वाक्य कोणी बोलतं का? पण पोर शिकलेली आहे, तिला कोण सांगणार!) आईने पुढ्यातलं ताट सरकवलं. “मन्हा घरमा इतला जीव थंडीमा ऱ्हातीन आनी मी जेवू का?” एवढंच म्हणाली. त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो. तीन तासांनी आयुषी परतली तेव्हा डबा देवघरात होता, उघडा, बर्फाशिवाय, वर काश्मिरी शाल पांघरलेली, आणि आई शेजारी बसून त्या जिवांना नवकार मंत्र ऐकवत होती. आयुषी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नळी हातात धरून ओट्यापाशी खाली बसली आणि मला तिच्याकडे बघवेना.

बैठकीत मी मागच्या खुर्चीत तोंड लपवून बसलो होतो. आयुषी उभी राहिली आणि तिने काही न लपवता सांगितलं की नमुना घरी उबेत राहिला, पेशी गेल्या, आज दाखवायला काही नाही. मला वाटलं, आता हसतील. जगदीश, असं आणखी कोणाचं झालंय म्हणून एकाने विचारलं, तर सगळ्यांचे हात वर! कोणाच्या प्रयोगशाळेत वीज गेली होती, कोणी नळ्या रिक्षात विसरला होता, आणि एक पिकल्या केसांचे प्राध्यापक तर सहा महिने चुकीच्या उंदराच्या पेशी मोजत होते. मग हैदराबादहून आलेली मयूरी नावाची मुलगी उठली. तिने नवीन पद्धत सांगितली. रक्त घेतल्याबरोबर पाड्यावरच त्यात एक द्रव घालायचा, पेशी मरतात पण आहेत तशा थांबतात, बर्फ नको, धावपळ नको, आठवड्याने तपासल्या तरी चालतं. (आईला मी ‘झोपतात’ एवढंच सांगितलंय.) आणि तिने त्याची सगळी कृती, प्रमाणासकट, फळ्यावर लिहून दिली. फुकट! गव्हाला कीड लागू नये म्हणून मी काय घालतो ते तीस वर्षांत शेजारच्या दुकानातल्या महावीरला सांगितलेलं नाही. मला लाज वाटली आणि मी चहा प्यायला बाहेर गेलो.

तब्येतीला जप. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
हुकमीचंद

ता. क. द्रवाची बाटली आयुषीकडे तयार आहे. रिनाचं रक्त पुन्हा लागेल, पण ते तू मागू नकोस. परवा संवत्सरी, त्या दिवशी आम्ही सगळ्या जिवांची क्षमा मागतो. मला फुलीबाईच्या दारात जाऊन मागायची आहे. माझं बोलणं तू तिला तिच्या भाषेत समजावून सांग. रक्ताला ती नाही म्हणाली तर एका शब्दाचाही आग्रह न करता परत यायचं.

आणखी ता. क. डबा आईने काढला नव्हता. मी काढला. ती जेवेना, पाणीही घेईना, मला ते बघवलं नाही. शालही माझीच. म्हाताऱ्या माणसाला कोणी रागावत नाही म्हणून मी सगळ्यांना आईचं नाव सांगितलं आणि ती गप्प राहिली. आयुषीला आज सांगितलं. ती अजून बोलत नाही.

शेवटचा ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, “पेशीस्नी चिंता समदास्नी करी. पन जिन्ह्या त्या शेतस, ती पोर कशी शे, हाई कोनी इचारं का?” मी कागद वरपासून पुन्हा वाचला. जगदीश, रिना कशी आहे?