तळघरातलं बेट

१ मार्च
आजपासून बंद. पूर्ण बंद. मुलीने फोनवर अट घातली. बाबा, तीन महिने थेंबही नको. ३० मेला छोटीचा वाढदिवस आहे, तोवर जमलं तर आईला घरी घेऊन जा. नाही जमलं तर आई कायमची इथेच राहील. अट कसली, मी म्हटलं, मला सोडायचीच होती. हिला मुलीकडे जाऊन पाच महिने झाले. नातीला सांभाळायला चार दिवस गेलीय, असं शेजाऱ्यांना सांगतो. ते खरंच आहे. चार दिवस जरा लांबले एवढंच.
सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. एक ठेवली. मनाची परीक्षा घ्यायला घरात काहीतरी हवं.

२ मार्च
परीक्षा संपली. बाटलीही. खरी सुरुवात आजपासून धरायची.

४ मार्च
सहा मजली इमारत, लिफ्टचं इन्स्पेक्शन. केबल ठीक, ब्रेक ठीक. तळघरात उतरलो, दार उघडलं, तर समोर बेट! प्लास्टिकची माडाची झाडं, गवताचं छप्पर, भिंतीवर डोळे वटारलेले लाकडी मुखवटे, स्पीकरमधून लाटांचा आवाज. वर रणरणतं ऊन आणि खाली कायमची संध्याकाळ. हॉटेल आहे. फॅमिलीवालेही येतात. मनात आलं, छोटीचा वाढदिवस इथेच करायचा.
पण पाहणी केल्याशिवाय नातीला कुठेही नेणं बरं नव्हे. वीस वर्षं लिफ्ट पास करतोय, सवय आहे. काउंटरमागच्या बाईने (अंगात मोठाल्या फुलांचा शर्ट, कपाळावर आठी) करवंटीतून एक रस दिला. वर कागदी छत्री. आत रम होती, पण चवीपुरती. भाजीत मीठ असतं म्हणून कोणी मीठ खाल्लं असं म्हणत नाही.
छत्री खिशात घातली. छोटीसाठी.

९ मार्च
पाहणी क्रमांक चार. इथे एक पद्धत आहे. चाळीस प्रकारचे रस, चाळीस चौकोनांचं कार्ड. एक प्रकार घेतला की बाई त्या चौकोनात भोक पाडते. चाळीस पुरे झाले की काउंटरवरची पितळी घंटा वाजते, सगळं हॉटेल उभं राहतं, आणि तुमच्या नावाचा मातीचा मग शेल्फवर जातो. एकोणचाळीस प्रकारांत चवीपुरतं असतं. चाळीसावा लहान मुलांचा, नुसता अननसाचा रस. तो कोण घेणार!
कार्ड घेतलं. नाही म्हटलं असतं तर बाईला वाईट वाटलं असतं. तिने कार्डावर नाव लिहिलं, कप्तान. ऑफिसात मला कोणी साधं साहेबही म्हणत नाही.

२१ मार्च
मुलीचा फोन. सुटली का? सुटली, म्हटलं. खोटं नाही. बाटली सुटलीच आहे. आवाज जरा कापला, पण तो नेटवर्कमुळे.
मग ही फोनवर आली. गुडघ्याला तेल लावता ना, विचारलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा काही विचारलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच खुर्चीत बसलो. मग पाहणीला गेलो.
निश्चय: बेटावर आठवड्यातून दोनदाच.

२ एप्रिल
निश्चयात दुरुस्ती: आठवड्यातून दोनदा संध्याकाळी. दुपार यात धरलेली नाही.

१४ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट न बघता पास केली, असं त्यांचं म्हणणं. बघितली होती. बाहेरून. एक पेशंट बाई दोन मजल्यांच्या मधे दीड तास अडकली. अंधारात. आतून दार बडवत होती. सुखरूप आहे. मग एवढा गाजावाजा कशाला? साहेब म्हणाले, काही दिवस घरी बसा, आणि हात पुढे करा बघू. केले. त्यांनी हातांकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.
विश्रांतीची गरज होतीच. त्यांनी आपणहून ओळखली. मोठा माणूस.
ती बाई किती वेळ बडवत होती, हे सांगायची मात्र गरज नव्हती.

१५ एप्रिल
चौकोन अठरा आणि एकोणीस. अठरा पुन्हा एकदा, खात्रीसाठी.

२९ एप्रिल
घर आवरायला घेतलं. हिचं कपाट उघडून हवा लागू दिली. आत दोन साड्या आणि रिकामे हँगर. कपाट सरकवताना हात थरथरले. जड आहे. बाकी आवरणं उद्या.
छत्र्या सव्वीस झाल्या, प्रत्येक प्रकाराची एकच ठेवतो. बुटांच्या खोक्यात रंगवार लावल्या आहेत. दुकानातली खेळणी काय, कोणीही देतं. ही आजोबांनी एकेक करून जमवलेली भेट.
काउंटरवाल्या बाईने आज न मागता पाण्याचा ग्लास ठेवला. विचारलं, कप्तान, घरी कोण असतं? सगळे असतात, म्हटलं. पाणी तसंच राहिलं.

३० एप्रिल
आवरलं नाही. पाऊस येईल असं वाटत होतं.

१७ मे
एकोणचाळीस! आणि थांबलो. याला म्हणतात स्वतःवर ताबा. दुसरा कोणी असता तर मगासाठी हपापला असता. ३० तारखेचं टेबल सांगितलं. दुपारी एक वाजता, चौघं, काउंटरपासून लांब, आणि माझी पाठ काउंटरकडे.
निश्चय: आता ३० तारखेपर्यंत बेटाचं तोंड बघायचं नाही.

१८ मे
टेबलाची खात्री करायला जावं लागलं.

२९ मे
आज काहीही घेतलं नाही. खरंच नाही. सकाळपासून घाम. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला, तरी निम्मा बशीत. भीती वाटते आहे. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. ही आली नाही तर या घरात मी काय करायचं?
दाढी करताना तीन ठिकाणी कापलं. ब्लेड जुनं.

३० मे, दुपारी चार
आल्या तिघी. छोटी मुखवटे बघून घाबरली, मग तिनेच त्यांना वाकुल्या दाखवल्या. तिने खोकं उघडलं आणि टेबलभर छत्र्या मांडल्या. एकोणचाळीस, ओरडली. मुलीने विचारलं, बाबा, एवढ्या कुठून आणल्या? बाजारातून, म्हटलं. ती हसली. तिला माझ्यासमोर हसताना किती वर्षांनी पाहिलं! ही फारशी बोलली नाही. पण स्वतःच्या ताटातला माशाचा तुकडा माझ्या ताटात ठेवला, पूर्वी ठेवायची तसा.
तिथेच उठायला हवं होतं.
वेटर नवा होता, मला ओळखत नव्हता. प्यायला काय, असं त्याने विचारलं. आता सगळ्यांना दिसू दे म्हणून मी मोठ्याने सांगितलं, मला नुसता अननसाचा रस, लहान मुलांचा. मुलीने हिच्याकडे बघून मान डोलावली.
रस घेऊन बाई स्वतः आली. डोळे भरलेले. म्हणाली, कप्तान, हा तुम्ही कधी घ्याल असं वाटलंच नव्हतं हो. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण ती भलत्याच आनंदात. परत फिरली आणि घंटा वाजवली.
सगळं हॉटेल उभं राहिलं. माझ्या गळ्यात प्लास्टिकच्या फुलांची माळ. बाईने मग उंच धरला आणि जाहीर केलं, तीन महिन्यांच्या आत चाळीस, असं कोणाला जमलं नव्हतं! टाळ्या. सगळ्यांत जोरात छोटीच्या. आजोबा जिंकले, आजोबा जिंकले.
मुलीने टेबलावरच्या छत्र्यांकडे पाहिलं. मग माझ्या ग्लासातल्या छत्रीकडे. तिचं हसू गेलं.
यात काही नाही, नुसता रस आहे, मी म्हटलं. तीनदा म्हटलं. खरं होतं. चव घेऊन बघ म्हणून ग्लास पुढे केला, तर हातातून सांडला.
हिने माझ्या ग्लासातली छत्री काढली, रुमालाने पुसली आणि छोटीच्या खोक्यात ठेवली. आता चाळीस झाल्या बाळा, म्हणाली. मग पर्स उचलली.
गाडीपर्यंत मागोमाग गेलो. माळ गळ्यातच. मागच्या सीटवर हिची निळी बॅग होती. गच्च भरलेली, चेन कशीबशी लागलेली. आज माझ्याबरोबर घरी यायला भरलेली. मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. हिने काच खाली केली, पर्समधून तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली. लावत जा, म्हणाली. छोटी हात हलवत होती.

२ जून
फोन उचलत नाहीत. कामात असतील.

६ जून
आज बेटावर गेलो, पण फक्त त्या मगासाठी. माझा मग शेल्फवरून काढा, बाईला बजावलं. बाईने मग खाली घेतला, माझ्यासमोर ठेवला. हळू आवाजात म्हणाली, त्या दिवशी माझं चुकलं, कप्तान. आज यातून पाणी प्या आणि घरी जा. पाणी देऊ?
पाणी म्हणायला मी तोंड उघडलं.
पाकिटात नवं कार्ड आहे. एक भोक पडलं आहे. अननसाच्या चौकोनात नाही.