पाण्यातली खूण

१२ एप्रिल

आले बाई एकदाची! होडीतून उतरताना माझी चप्पल पाण्यात पडली. ढब्बूने सूर मारून ती वर काढली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर "घे ताई, तुझा पहिला मासा" म्हणून माझ्या हातात ठेवली. आगाऊपणा अजून गेलेला नाही.

ढब्बू म्हणजे माझा धाकटा भाऊ. पंचेचाळिशी उलटली, लहानपणचं पोट केव्हाच आत गेलं, उन्हाने काळाठिक्कर पडलाय. पण आई गेल्यावर मी त्याला वाढवलं, त्यामुळे माझ्यासाठी तो ढब्बूच. इथे त्याला सगळे मास्तर म्हणतात. पाहुण्यांना डोळ्यांवर मास्क आणि तोंडात नळी लावून पाण्यावर पालथं तरंगायला शिकवायचं आणि खालचे मासे दाखवायचे, हे त्याचं काम. मी शाळेतून निवृत्त झाले आणि घरी भिंतींशी बोलायला लागले, म्हणून त्याने मला बोलावून घेतलं. आम्हाला एकमेकांशिवाय आहे कोण?

बेट एवढंसं आहे. चक्कर मारायला निघालं तर कपातला चहा निवायच्या आत माणूस परत. लाकडी खोल्या, एक स्वयंपाकघर, पाण्यात गेलेला धक्का, आणि धक्क्याच्या टोकाला माझी उंच खुर्ची. तिच्यावर बसून पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर पगार! मजा आहे.

१५ एप्रिल

काम सोपं आहे. पाण्यातल्या माणसाने तळहात डोक्यावर टेकवला की "मी ठीक आहे". मीही डोक्यावर हात ठेवून उत्तर द्यायचं. हात हवेत हलवला तर "मदत". मग मी शिट्टी फुंकायची आणि ढब्बूने धावायचं. दिवसभर डोक्याला हात लावून बसते. शाळेतही तेच करत होते म्हणा.

आचारीकाकांना जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांच्याशीही हातवारेच. खुर्चीवरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून कप तोंडाला लावल्यासारखा हात केला की चहा येतो. फार बोलायचं असेल तर लिहून दाखवायचं. माझं अक्षर बघून ते म्हणाले, मास्तरीणबाई शोभता.

१८ एप्रिल

आज ढब्बूने मला पाण्यात उतरवलं! मला नुसतं तरंगता येतं, पण खाली बघितलं आणि भीतीच विसरले. पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा कुरुमकुरुम आवाज चक्क पाण्यात ऐकू येतो. एक कासव आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेलं. मग त्याने एक निळा पट्टेवाला चिमुकला मासा दाखवला. हा नाच करतो, मोठे मासे तोंड उघडून थांबतात, हा त्यांचे दात साफ करतो. आणि त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक आहे, तोही तसाच नाचतो, मोठा मासा विश्वासाने थांबतो, आणि हा त्याचा लचका तोडून पळतो. मी म्हटलं, मेला लबाड. ढब्बू म्हणाला, लबाड कसला, हुशार. बघून बघून शिकलाय.

रात्री जेवताना मॅनेजरने स्वतःच्या थोरवीचं पुराण लावलं. ढब्बूने हळूच डाव्या कानाची पाळी ओढली. आमची जुनी खूण! लहानपणी घरी आलेल्यांसमोर त्याला कविता म्हणायला उभं केलं की तो अशी पाळी ओढायचा. ताई, सोडव. मी लगेच पोटात कळ आल्याचं सोंग केलं आणि त्याला औषध शोधायला उठवलं. बाहेर येऊन दोघं हसून हसून बेजार.

२७ एप्रिल

आज एक विचित्र प्रकार. दुपारी प्रवाळाच्या कडेला, जिथे पाणी एकदम गडद होतं, तिथून कोणीतरी डोक्यावर हात ठेवला. मीही ठेवला. मग त्या हाताने कप तोंडाला लावल्यासारखं केलं. चहा! मी खो खो हसले, ढब्बूचेच चाळे. शिट्टी वाजवून बोट नाचवलं, बघतेच तुला.

तर मागून ढब्बूचा आवाज, काय गं ताई, कोणाला दटावतेस? खांद्यावर टॉवेल, केस कोरडे. पाहुणेही सगळे सावलीत बसलेले.

परत बघितलं तर नुसतं पाणी.

२९ एप्रिल

ढब्बू कडेपर्यंत जाऊन आला. म्हणे कासवाचा पंजा असेल, तू चष्म्याचा नंबर बदल. पण चिडवण्यात जोर नव्हता. नंतर कपडे वाळत घालताना आपणहून म्हणाला की तिथे एकही मासा नव्हता. एवढ्या वर्षांत असं त्याने कधी पाहिलेलं नाही.

मी म्हटलं, घरी जाऊ या. तो म्हणाला, हंगाम संपतोच आहे.

३ मे

शेवटचे पाहुणे गेले, मॅनेजरही गेला. आता आम्ही तिघंच. पाण्यात हद्द दाखवायला बांधलेले नारिंगी गोळे तेवढे काढायचेत, मग आपली होडी येईल. मी सामान बांधून ठेवलंय.

४ मे

लिहायला हात धजत नाही, पण न लिहिता वेड लागेल.

तो सकाळी गोळे काढायला गेला. मी खुर्चीवर होते. कडेपाशी त्याचा हात वर आला, हवेत हलला. मी उठले, शिट्टी तोंडाला लावली, आणि लगेच हात डोक्यावर टेकला. ठीक आहे. माझा जीव भांड्यात पडला. मी डोक्यावर हात ठेवला आणि खाली बसले.

बसले! बटाटे सोलत बसले मी.

हलणारा हात डावीकडे होता. डोक्यावर टेकलेला त्याच्या बराच उजवीकडे. हे मला आत्ता, संध्याकाळी, आठवतंय.

तो आलेला नाही. अंधार पडेपर्यंत तिकडून हात वर येत होता. ठीक आहे. ठीक आहे. ठीक आहे.

५ मे

रेडिओवर मॅनेजर म्हणाला, समुद्र खवळलाय, होडी सोडता येत नाही, धीर धरा. धीर! त्याच्या बापाचं काय जातंय.

काकांनी छोटी होडी वल्हवत मला कडेपर्यंत नेलं. ढब्बू, ढब्बू म्हणून घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. खाली नुसतं प्रवाळ. मासा नाही, कासव नाही. पोहताना तो पायांत रबरी वल्ही घालायचा, त्यातलं एक सापडलं, पट्टा तुटलेलं.

परत फिरताना काकांनी माझ्या दंडाला धरून किनाऱ्याकडे वळवलं. धक्क्याजवळ, जिथून आम्ही निघालो होतो, तिथे पाण्यात मास्क, नळी. हात डोक्यावर.

६ मे

रात्री लाटांनी आमची छोटी होडी खडकांवर फोडली.

हात परत कडेवर. मी "ठीक आहे" केलं नाही. त्याने कप तोंडाला लावला. माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. शेवटी उभी राहिले, स्वतःच्या कानाची पाळी ओढली, ओरडले — ढब्बू, तू असशील तर हे कर. हे तुलाच माहीत आहे रे.

हात तसाच राहिला. बराच वेळ. बघत असल्यासारखा.

मग खाली गेला.

काय केलं मी —

७ मे

कान.

उजाडल्यापासून तोच. मास्क, नळी, आणि हात डोक्यावर नाही, कानाला. पाळी ओढतोय. ताई, सोडव.

मीच शिकवलं असेल. कळतंय मला. काल धक्क्यावर उभी राहून मीच तर —

पण ढब्बू डावा कान ओढायचा. हा डावाच आहे. मी काल कुठला ओढला? आठवत नाही. देवा, आठवत का नाही —

खडकाला धरून माणूस राहतो कधी कधी. राहतो. तो माझा ढब्बू असला आणि मी इथे बसून राहिले तर?

दोर कमरेला बांधलाय. दुसरं टोक काकांकडे. ते रडतायत, हाताने नको नको करतायत. मी त्यांचे हात धरून खाली केले. समुद्रासमोर नको काका. ते बघतं.

काका विचारतायत, दोर ओढून कोणी वर आलं, तर ते तुम्हीच, हे मी कसं ओळखू?

बोलले तर त्यांना ऐकू येणार नाही. हाताने दाखवायचं नाही. म्हणून इथे लिहिते. काका, वाचा आणि वही मिटा. अशी खूण जी मी इथे कधीच केलेली नाही. धक्क्याला हात लावायच्या आधी मी —

हात कानावरून निघाला. हवेत हलतोय. मदत — आले रे, आले ढब्बू — काका, खूण अशी, मी आधी