सातव्या पट्ट्यातले दोन हंस

१२ सप्टेंबर, गुरुवार

वेन्डेल अजून परतलेला नाही. आमच्या शोधपथकाच्या प्रमुख एडनानं सकाळी साडेसातला फोनवर नक्की सांगितलं. काल दुपारी दोनला त्यानं शिकाऱ्यांना विमानानं त्यांच्या कॅम्पवर उतरवलं, उभ्याउभ्या चहा घेतला आणि एकटाच निघाला. चारला घरी यायला हवा होता. कॅम्पवरच्या लोकांनीही सॅटेलाइट फोनवर तेच सांगितलं. दोन तोंडांनी एकच गोष्ट आली की मी ती खरी धरते. सव्वीस वर्षं गावाचं साप्ताहिक काढलं, ते बंद पडलं, पण ही खोड काही जात नाही.

त्याच्या विमानातलं बीकन, धोक्याचा संदेश पाठवणारं यंत्र, गप्प आहे. विमान आपटलं की ते आपोआप बोलायला लागतं. गप्प आहे म्हणजे वेन्डेल कुठेतरी सुखरूप उतरून बसलाय, नाहीतर बीकन पाण्याखाली गेलंय. पाण्यातून त्याचा आवाज येत नाही.

लष्कराचं मोठं विमान दक्षिणेकडून येईल तेव्हा येईल. तोवर आम्ही चौघं, नेहमीचेच. विमान लॉर्नचं, उडवणार लॉर्न. त्याच्या शेजारी नकाशा घेऊन एडना. मागे डाव्या खिडकीला शाळेतला गार्नेट, उजव्या खिडकीला मी. बारा वर्षं ती खिडकी माझी आहे. दर वीस मिनिटांनी बाजू बदलायचा नियम आहे, पण माझ्या गुडघ्यामुळे तो मला माफ.

कागदावर वर्णन आलं : लाल विमान, पिवळी पट्टी, खाली चाकांच्या जागी पाण्यावर उतरायचे पांढरे लांब तरंगे. एडना म्हणाली, ‘लाल शोधा.’

एक गोष्ट मनात राहिली. नकाशावरचे शोधायचे पट्टे वाटताना लॉर्न म्हणाला, सातवा उद्या करू, आज उजेड तिरपा आहे, तळी नुसती चमकतील. पण सातवा पट्टा खिंडीपलीकडचा, वेन्डेलच्या वाटेवरचा! तोच उद्यावर?

तीन वर्षांपूर्वी वेन्डेलनं लॉर्नची तक्रार केली होती — धुक्याखालून खिंडीत विमान घालतो म्हणून. लॉर्नचा परवाना सहा महिने अडकला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दुकानात एक ब्रेडपाशी असला की दुसरा कुत्र्यांच्या खाण्याजवळ उभा राहतो.

उगाच लिहिलं नाही. लिहून ठेवलेलं बरं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

तीन तास दहा मिनिटं हवेत. पाचवा, सहावा, सातवा पट्टा. काही नाही.

खाली बर्च झाडं पिवळीजर्द झाली आहेत. त्यात लाल झुडपं. लाल शोधायला सांगितल्यावर सगळा डोंगरच लाल दिसतो. गार्नेटला दोनदा विमान दिसलं, दोन्ही वेळा झुडूप निघालं. मला एकदाही असं झालं नाही. मे महिन्यातल्या परीक्षेतही — नदीकाठी नारिंगी ताडपत्री पसरतात आणि वरून हेरायची असते — सगळ्यांत आधी मीच बोट दाखवलं होतं. गार्नेट तेव्हा म्हणाला होता, ‘बाई, तुम्हाला ती वासानं कळते.’

सातव्या पट्ट्याच्या टोकाला हंसांचं तळं आहे. खिंडीतून धुकं आत येत होतं. लॉर्ननं हेडफोनवरून विचारलं, उजवीकडे तळ्यात काय आहे?

‘हंस. दोन.’

‘पिल्लं?’

‘दिसली नाहीत.’

जरा वेळानं पुन्हा तोच. ‘संपादकबाई, त्यांनी माना वर केल्या का?’

‘लॉर्न, मी विमान शोधतेय. हंसांची जनगणना करत नाहीये.’

गार्नेट हसला. लॉर्न नाही हसला. तो पेट्रोलचा काटा बघत होता, मग धुकं. मग त्यानं विमान घराकडे वळवलं. त्या तळ्यात दर सप्टेंबरला तीच जोडी असते. दोन पांढरे ठिपके, तळ्याच्या मध्यावर, शेजारी शेजारी. माणूस हरवलेला असताना त्याला हंसांच्या मानांची पंचाईत!

धक्क्यावर उतरल्यावर एडनानं सातव्या पट्ट्यावर लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या. बघून झालं.

१४ सप्टेंबर, शनिवार

धुकं. खिंड बंद. शोधकार्याच्या समन्वय केंद्राचा निरोप : कुणी उडायचं नाही. मोठं विमानही ढगांवरून घिरट्या घालून परत गेलं.

मी आठला धक्क्यावर गेले तर लॉर्नचं विमान जागेवर नाही! एडना हँगरच्या स्वयंपाकघरात किटलीजवळ उभी. म्हटलं, लॉर्न कुठाय? म्हणाली, इंजिन बघायचं होतं त्याला, नदीवर एक चक्कर मारतोय. नदीवर इंजिन बघायला पाच मिनिटं लागतात. तो सव्वानऊला आला. पंखांवरून पाणी निथळत होतं. नदीवर तर धुकं नव्हतंच.

मग नकाशा पाहिला. सातव्या पट्ट्याची उजवी बाजू पुसलेली आहे. डावीकडच्या रेघा तशाच, उजवीकडच्या खोडरबरानं साफ. रबराचा चुरा अजून कागदावर होता, मी बोटानं गोळा करून पाहिला.

एडनाला विचारलं. ती म्हणाली, पेन्सिल घसरली असेल. तिला खोटं बोलता येत नाही. चाळीस वर्षं ओळखते मी तिला. तिच्या आजोबांनी हीच नदी होडीनं पालथी घातली, तिला कुठलं वळण कुठे ते झोपेतही सांगता येतं. तिची पेन्सिल घसरत नाही.

उजवी बाजू माझी होती. मी पाहिलेली बाजू कुणी का पुसावी?

शनिवारीच, संध्याकाळी

जेवायला डब्यातलं सूप. बटाट्याचं समजून उघडलं, निघालं मशरूमचं. हल्ली डब्यांवर अक्षरं इतकी बारीक छापतात! आणि या नव्या वहीच्या रेघाही फिकट. दुकानात सांगायला हवं.

रात्री उणे चार होणार.

१५ सप्टेंबर, रविवार

अजून धुकं. वेन्डेलची चौथी रात्र गेली, कुठे गेली ते माहीत नाही.

वेन्डेलची बायको रूबी सकाळपासून हँगरच्या स्वयंपाकघरात बॅनॉक भाजतेय. आम्ही चार माणसं, तिनं तीसजणांपुरती रोटी केली. थांबली की रडेल म्हणून कुणी तिला थांबवत नाही. ती मला म्हणाली, ‘त्याच्या पिशवीत लोकरीचे मोजे आहेत, वेरा. दोन जोड्या. मीच भरले.’ एवढंच तीन वेळा म्हणाली.

मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं का? नवरा तिचा आहे, हक्क तिचा आहे. पुसलेल्या रेघा, शनिवारचं उड्डाण, तीन वर्षांची अढी — जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं, वर काही लावलं नाही. रूबी पीठ मळता मळता थांबली.

दहाला लॉर्न पुन्हा ‘इंजिन बघून’ आला. रूबीसाठी त्यानं कॉफी ओतली, दोन चमचे साखर, तिला हवी तशी. तिनं कप हातात घेतला आणि न पिता टेबलावर ठेवला. लॉर्ननं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी धक्क्यापर्यंत त्याच्या मागे गेले.

‘कुठे गेला होतास?’

‘वर.’

‘धुक्यात?’

‘धुक्याखाली.’

‘म्हणजे वेन्डेलनं तक्रार उगाच नव्हती केली.’

दोर बांधता बांधता तो वाकलेलाच राहिला. ‘नाही,’ म्हणाला, ‘उगाच नव्हती केली.’

मग उभा राहून विचारतो, ‘संपादकबाई, समोरच्या काठावर गार्नेटची होडी बांधलीये. तिच्यावर काय लिहिलंय?’

माझी चेष्टा! मी म्हटलं, मला होडीचं नाव पाठ आहे, वाचून दाखवायची गरज नाही. आणि निघून आले.

आता सरळ विचार करू. तो त्या बाजूला दोनदा गेलाय. परवानगीशिवाय, साक्षीदाराशिवाय. नकाशावरून तीच बाजू पुसलीये. एडनाला माहीत आहे, ती झाकतेय. त्याला काही सापडलंय आणि तो सांगत नाहीये? की जे सापडायचं ते सापडू नये म्हणून जातोय? त्याच्यासारख्या माणसाबद्दल असं लिहिताना हात थांबतो. माझी बहीण आजारी पडली तेव्हा यानंच तिला वादळातून शहरात नेलं होतं. पण साप्ताहिकात असताना ज्यांच्याबद्दल हात थांबला त्यांच्याच बातम्या शेवटी खऱ्या निघाल्या.

गार्नेटकडे विषय काढून पाहिला. तो म्हणाला, बाई, तुम्हाला जरा झोप हवीये. म्हणजे त्यालाही माहीत आहे? गावात मलाच तेवढं कुणी काही सांगत नाहीये.

१६ सप्टेंबर, सोमवार

शोधपथकांच्या संघटनेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. दीड पान. तारीख, वेळ, काय पाहिलं. विशेषणं सगळी काढली.

नियमाप्रमाणे पत्र आमच्या प्रमुखाच्या हातूनच जायला हवं, म्हणून सकाळी साडेआठला पाकीट बंद करून एडनाला दिलं. तिनं ते उलटंपालटं केलं. कुणाबद्दल आहे ते विचारलं नाही.

‘दुपारपर्यंत थांबलं तर चालेल?’

‘दुपारपर्यंत,’ मी म्हटलं. ‘त्यापुढे नाही.’

लॉर्नचं विमान जागेवर नव्हतं.

सोमवारीच, दुपारी चार

वेन्डेल जिवंत आहे. अकरा वाजून दहा मिनिटांनी लॉर्ननं रेडिओवर सांगितलं, आणि मग मागून वेन्डेलचा आवाज आला तो रूबीनं ओळखला. दोन तोंडं.

पाय मोडलाय, बोटं काळी पडली आहेत. बुधवारी इंजिन खोकायला लागलं म्हणून तो तळ्यावर उतरला. पाण्याखालच्या ओंडक्यावर आपटून विमान उलटं झालं, बुडालं. लाल सगळं पाण्याखाली गेलं. वर राहिले ते दोन पांढरे तरंगे, तळ्याच्या मध्यावर, शेजारी शेजारी.

हंसांच्या तळ्यात.

तो पोहत काठाला आला. काडेपेटी भिजलेली, आग पेटवता येईना. शुक्रवारी आम्ही त्याच्या डोक्यावरून गेलो, त्यानं जॅकेट काढून हलवलं. विमानाच्या उजव्या बाजूला.

लॉर्नला शुक्रवारी एवढंच खटकलं होतं की त्या जोडीला यंदा चार पिल्लं आहेत आणि विमानाच्या आवाजानं हंस मान वर करतातच. उतरल्यावर त्यानं एडनाला सांगितलं. तिनं रेघा पुसल्या, समन्वय केंद्राला कळवलं, ते म्हणाले, खिंड उघडली की बघू. लॉर्न थांबला नाही. शनिवारी खिंडीतून मागे फिरला, रविवारी मागे फिरला. आज धुक्याखालून आत शिरला. केंद्रानं त्याला जाब विचारलाय. परवाना या वेळी सहा महिन्यांवर भागेल असं वाटत नाही.

मी एडनाला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

‘तळं बघितल्याशिवाय मी कुणाकडे बोट दाखवत नाही,’ ती म्हणाली. आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं. बंदच होतं.

मग जरा वेळानं म्हणाली, ताडपत्री बारा वर्षं आपण त्याच वाळूवर पसरतो, नाही का? होडी तिथे सोपी लागते म्हणून.

१७ सप्टेंबर, मंगळवार

रूबीनं नवी कॉफी करून लॉर्नला नेऊन दिली, मला नाही. बरोबर आहे.

धुकं उठलंय. उद्या सकाळी माझी परीक्षा पुन्हा : एडना ताडपत्री कुठेतरी पसरेल, कुठे ते फक्त तिला माहीत. परवाना जाण्याआधीचं लॉर्नचं हे शेवटचं उड्डाण असेल. मी उजव्या खिडकीला बसेन, आणि तो विचारेल, संपादकबाई, काय दिसतंय?